केस परत आले

"उघडा, रुमाल उघडा! लोकांना दिसू दे!" गर्दीतून आवाज आला.

फर्निचरच्या दुकानावरच्या त्या लांबट हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, जिन्याच्या पायऱ्यांवरही माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मंचावर माझी ताई उभी होती. तिच्या डोक्यावरचा निळा रुमाल, सगळे ज्याला मध्यस्थ म्हणत त्या माणसाने, दोन बोटांनी हळूच उचलला, दुकानदार नव्या शिवणयंत्रावरचं फडकं उचलतो तसा. हॉलभर एकच श्वास उमटला.

केस. काळेभोर, मऊ, बाळाच्या जावळासारखे. बोटभर लांब.

"हे डोकं आधी कसं होतं?" मध्यस्थाने माइक तोंडाशी नेला.

"तुळतुळीत!" हॉल ओरडला.

"सुईने काय दिलं?"

"टक्कल!"

"आणि प्रार्थनेने?"

"केस!"

मग बायका रांगेने मंचावर आल्या. एकेक जण ताईच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि तोच हात स्वतःच्या कपाळाला लावायची. त्यांत एक आई होती. तिने ताईच्या केसांवरून फिरवलेला तळवा आपल्या तरण्या मुलीच्या बोडक्या डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच उभी राहिली. मुलगी ओशाळी होऊन खाली बघत होती.

मी मागच्या खांबाला टेकून हे पाहत होते. मी शाळेत विज्ञान शिकवते. खोटं बोललेलं मला चटकन कळतं. मुलं रोज सराव देतात. पण त्या दिवशी माझीही मती गुंग झाली होती. कारण केस खोटे नव्हते. ते डोकं मी ओळखत होते. आई गेल्यावर त्या डोक्याने माझं सगळं लहानपण सांभाळलं होतं. रोज सकाळी शाळेला निघायच्या आधी ताई मला पुढ्यात घ्यायची, माझी वेणी घालायची आणि वेणीच्या ठेक्यावर म्हणायची:

*वेणी घालते बहिणीला, तीन पेडांचा गं मेळ*
*एक तुझा, एक माझा, एक आईचा गं वेळ*

तिच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "गाठ मोठी आहे, पण अजून एकाच जागी आहे. आधी केमोने ती लहान करू, मग काढून टाकू. वेळेवर आलाय तुम्ही." वेळेवर! तो शब्द आम्ही घरी आणून देव्हाऱ्यात ठेवावा तसा जपला होता.

पहिली केमो झाली आणि ताईची रया गेली. तोंडात फोड, पाणीसुद्धा कडू, आणि उशीवर केसांचे पुंजके. एका सकाळी ती पुंजका हातात घेऊन हसत म्हणाली, "चिमे, बघ, चटईच विणता येईल." हसता हसताच रडली. भाऊजी दारात उभे होते. सायकली दुरुस्त करणारा माणूस, चाक कितीही वाकडं असो, सरळ करून देणारा. त्यांच्या हातांना त्या दिवशी काही काम सापडेना. त्याच आठवड्यात कुणीतरी त्यांना त्या हॉलचा पत्ता दिला.

मध्यस्थाचं खरं नाव कुणी घेत नसे. "मी देव नाही, गुरू नाही, बाबा तर मुळीच नाही," तो म्हणायचा. "मी नुसता मध्यस्थ. तुमची हाक वर पोचत नाही, कारण तुम्ही स्वतःसाठी मागता. स्वतःसाठी मागतो तो भिकारी, दुसऱ्यासाठी मागतो तो वकील! इथे शंभर वकील बसलेत. निकाल आपल्याच बाजूने!"

लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. घर भाड्याने घ्यायचं तर मध्यस्थ लागतो, सोयरीक जुळवायची तर मध्यस्थ लागतो, मग जीव वाचवायलाच का नको? पटायला सोपं होतं.

त्याची एक रीत होती. सुई, म्हणजे केमो, घेऊन आलेल्या माणसाचं नाव तो लगेच घेत नसे. "अंगातलं विष निवू दे. आठवडा उलटला की घेऊन या." आठवडा उलटला की आजाऱ्याला मधोमध बसवायचं, आणि सगळ्या हॉलने डोळे मिटून त्याचं नाव घ्यायचं, पुन्हा पुन्हा, पावसाची सर कौलांवर यावी तसं. ताई पहिल्यांदा गेली तेव्हा तिला भाऊजींनी जवळजवळ उचलूनच नेलं होतं. दोन दिवसांत ती उठून बसली. चौथ्या दिवशी तिने स्वतःहून जेवायला मागितलं.

"बघितलंत, मास्तरीणबाई?" भाऊजी मला म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "आता बोला."

मी ताईच्या ताटाकडे बघितलं. ताई जेवत होती.

तिसऱ्या केमोनंतर तपासणी झाली. गाठ निम्म्याहून लहान झाली होती. डॉक्टरबाईंनी पाठ थोपटली. पण हॉलमध्ये मध्यस्थाने त्या बातमीचं सोनं केलं. "गाठ कुणी वितळवली? शंभर जिभांनी! मग आता सुई कशाला? वरच्याला दोन दारं ठोठावलेली चालत नाहीत. विश्वास ठेवायचा तर पुरता ठेवा. अर्ध्या विश्वासाने अर्धाच माणूस वाचतो."

त्यानंतर ताई केमोला गेली नाही. मी भांडले, रडले, हातापाया पडले. पण सुई थांबली आणि ताई खरंच फुलत गेली. तोंडाला चव आली, गालावर मांस आलं. शिवणाच्या कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर ती परत बसू लागली. आणि मग केस आले. माझ्या सगळ्या विज्ञानापुढे ते बोटभर केस उभे राहिले.

त्या दिवशी मंचावरचा तिचा फोटो मी काढला आणि दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून डॉक्टरबाईंकडे गेले. दुपारचा डबा अर्धा उघडा ठेवून त्या बसल्या होत्या. फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला.

"छान आलेत केस," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "म्हणजे औषध अंगातून पूर्ण उतरलं."

"म्हणजे?"

"हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं. गाठ भराभर वाढते म्हणून आपण ते देतो. पण केसांची मुळंही भराभर वाढतात. तोंडातलं अस्तर, आतड्यातलं अस्तर, तेही. औषधाला आपलं-परकं कळत नाही, ते सगळ्यांनाच झोडतं. औषध थांबवलं की केस येतात, भूक येते, चव येते. सगळ्यांचं येतं. देव मानणाऱ्यांचं, न मानणाऱ्यांचं, आमच्या वॉर्डातल्या भांडकुदळ म्हाताऱ्याचंसुद्धा."

"आणि गाठ?"

डॉक्टरबाईंनी डबा बंद केला. "तीही येते. फक्त ती डोक्यावर उगवत नाही, म्हणून दिसत नाही."

मी त्या आठवडाभराच्या रितीबद्दल विचारलं. त्या कडवट हसल्या. "सुईनंतरचा पहिला आठवडा वाईटच जातो. मग शरीर सावरतं. ते सावरावं म्हणून तर पुढची सुई आम्ही तीन आठवड्यांनी देतो. मधली बरी वेळ आम्हीच ठेवलेली असते, आणि तुमचे मध्यस्थ नेमके त्या वेळेला प्रार्थना लावतात. लावणारच. पूर्वी दवाखान्यासमोर पेशंटच्या नातेवाइकांना खोल्या भाड्याने मिळवून द्यायचा तो. कोण कधी आडवा पडतो आणि कधी उठून बसतो, हे वर्षानुवर्षं खिडकीतून पाहिलंय त्याने."

असा तो मध्यस्थ. सूर्य उगवायची वेळ पाठ करून आरवणारा कोंबडा, आणि लोक म्हणत होते, काय आवाज आहे, उजाडलं बघा!

"अजून वेळ आहे का?" मी विचारलं.

"आजच घेऊन या. बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही."

मी तशीच ताईच्या घरी गेले. भाऊजी दारातच होते. मी सगळं सांगितलं. घाईत, अडखळत, वर्गात कधी अडखळत नाही तशी. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"तुम्ही हुशार आहात," ते म्हणाले. "पण मला एवढंच कळतं. सुई चालू होती तेव्हा ती मरत होती. सुई थांबली, ती जगतेय. मी डोळ्यांवर विश्वास ठेवू की तुमच्या पुस्तकावर?"

यावर मला राग येईना. बिचाऱ्याचं चुकत काय होतं? जे औषधाने नेलं होतं, तेच औषध थांबल्यावर परत आलं होतं. आणि आजाराने तर अजून काही नेलंच नव्हतं; दिली होती ती फक्त गाठ. ताईला आजारी केलं होतं ते बरं करणाऱ्या औषधाने. ती बरी दिसत होती ती आजाराच्या ताब्यात. एवढा उलटा हिशेब कुठल्या साध्या माणसाला जमणार?

"आणखी एक," भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले. "मध्यस्थ म्हणाले, तुमच्या घरात एक शंका येते-जाते. ती थांबवा. तर… थोडे दिवस येऊ नका."

आतून ताई आली. हाताने कंबर दाबून, भिंतीला धरत.

"काय गं? काय होतंय?"

"कुठे काय. बटणं लावून लावून कंबर धरलीय." आणि मग, भाऊजी आत वळल्यावर, दाराच्या फटीतून, त्यांना ऐकू जाणार नाही असं, "चिमे, वाद घालू नकोस गं. सगळे किती करतात माझ्यासाठी."

दार लागलं.

पुढच्या बैठकीला मी एकटी गेले नाही. माझ्याबरोबर पाववाली मावशी होती. कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण, ताईच्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर केमो घेतलेली. जिभेला हाड नाही, पण मनाने लोणी. ताईची पहिली सुई होती तेव्हा हिची शेवटची; तिने सगळ्या सुया घेतल्या होत्या, ऑपरेशनही झालं होतं.

हॉल तुडुंब होता. ताईला पुन्हा मंचावर बसवलं होतं. रुमाल उचलला जाणार तोच मी उभी राहिले.

"मला एक विचारायचंय."

"या, या, मास्तरीणबाई!" मध्यस्थ गोड हसला. "शंकेलाही इथे खुर्ची आहे."

"मावशी, डोक्यावरचा पदर काढा."

मावशीने डोक्यावरचा पदर मागे सारला. केस. काळेपांढरे, बोटभर लांब. ताईपेक्षा काकणभर जास्तच. पुढच्या रांगेतल्या बायका माना उंचावून बघू लागल्या.

"हिचं नाव इथे कुणी घेतलं होतं?" मी विचारलं.

"कुणी घेणार?" मावशी खणखणीत आवाजात म्हणाली. "मला एक सून आहे, आणि ती माझं नाव घेते ते शिव्या घालायला!"

लोक हसले. मला वाटलं, झालं. जिंकलो. मध्यस्थही हसला, आणि हसून झाल्यावर त्याने हात जोडले.

"वा! बघा त्याची कृपा! हिला माहीतही नाही, पण कुणीतरी, कुठेतरी, हिच्यासाठी गुपचूप हात जोडलेत. त्या अनामिक माणसासाठी टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशी तोंड वासून माझ्याकडे पाहू लागली. केस आले तर प्रार्थनेने आले, प्रार्थना नसली तर गुपचूप प्रार्थनेने आले! असल्या भिंतीवर डोकं आपटून काय फुटणार? डोकंच.

"मग एवढंच सांगा," मी ओरडले. "मागच्या वर्षी या मंचावर ज्यांचे केस दाखवलेत, ते कुठे आहेत? एकाला तरी बोलवा! इथे दिसतात ते सगळे बरे झालेलेच का दिसतात, सांगू? मंचावर चढायला पाय लागतात. मेलेला माणूस माइक मागायला येत नाही!"

"बसा खाली!" "हिला बाहेर काढा!" "बहिणीच्या जिवावर उठलीय!" कुणीतरी माझा दंड धरला. मध्यस्थाने शांतपणे हात वर केला. "भांडण नको. ताईच उत्तर देतील. ताई, उभ्या राहा. दोन्ही हात वर करून सांगा लोकांना, कसं वाटतंय?"

ताई उठू लागली. अर्ध्यावर थांबली. तिने खुर्चीचा हात धरला, ओठ दातांखाली दाबला. पुन्हा प्रयत्न केला. आणि मग ती मटकन खाली बसली. माइक तिच्या तोंडापाशीच होता, म्हणून तिचा कण्हणारा श्वास सगळ्या हॉलने ऐकला.

"दुखतंय," ताई म्हणाली.

"काय म्हणता, ताई?"

"दुखतंय मला. पाठीत. पुष्कळ दिवसांपासून." तिने भाऊजींकडे पाहिलं. "रात्री कूस बदलता येत नाही. मी बोलले नाही. तुम्ही सगळे कामंधामं टाकून माझ्यासाठी हात जोडता. त्यांना कसं सांगू, की नाही झालं म्हणून? मला वाटलं, माझंच काहीतरी कमी पडतंय. मीच नीट बरी होत नाहीये."

भाऊजी लोकांच्या मांड्यांवरून, खांद्यांवरून वाट काढत मंचाकडे धावले.

मध्यस्थ माइक ओढून घेऊन म्हणू लागला, "हे बघा, शंकेचं विष! आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर…" काही जणांनी माना डोलावल्याही. पण ती आई, मागच्या वेळी आलेली, आपल्या तरण्या मुलीचा हात धरून मंचाच्या कडेला आली होती. ती मध्यस्थाकडे बघतच नव्हती.

"ताई, मग आम्ही काय करायचं?" तिने विचारलं. "हिची सुई परवा आहे. हे म्हणतात, नको."

भाऊजींच्या खांद्यावर भार टाकून उभ्या राहिलेल्या ताईने त्या मुलीच्या बोडक्या डोक्यावर हात ठेवला.

"घेऊन जा तिला," ती म्हणाली. "चुकवू नकोस."

आजार पाठीच्या मणक्यांत उतरला होता, आणि यकृतातही. डॉक्टरबाई आम्हाला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आता दुखणं कमी करू. तेवढं नक्की करू." आधी त्या म्हणाल्या होत्या, वेळेवर आलाय. यावेळी वेळेचं नाव त्यांनी काढलं नाही.

भाऊजी खाटेच्या पायथ्याशी बसून राहायचे. एकदा मला म्हणाले, "मास्तरीणबाई, चाक वाकडं होतं ना, तेव्हा ते फिरताना बघावं लागतं. उभं ठेवलं की सरळच दिसतं. मला माहीत होतं हे. रोज तेच तर करतो." मी त्यांच्या शेजारी बसले.

दुखण्यावरच्या औषधाने ताईला काही बऱ्या दुपारी मिळाल्या. एका दुपारी तिने खाटेच्या कडेवर थापटलं. "बस इथे. पाठ कर." तिने माझे केस सोडले आणि तीन पेड पाडले. मध्येच दमायची, थांबायची, पेड हातात धरून तशीच राहायची. खिडकीच्या काचेत मला तिचं डोकं दिसत होतं. केस आता कानांवर आले होते, दाट, चमकदार, किंचित कुरळे. येणारी-जाणारी प्रत्येक नर्स म्हणायची, किती सुंदर केस आहेत हो तुमचे! ताईने ओवी सुरू केली. *एक तुझा, एक माझा…* पुढचं तिला म्हणवलं नाही. वेणी अर्धीच राहिली. मी ती तशीच ठेवली.

ताई त्या केसांनिशी गेली. शेवटचा कंगवा मी फिरवला. रडू येईना, तेव्हा तोंडात आपोआप ओळी आल्या:

*केस परतून आले, ताई परतली नाही*
*तीन पेडांच्या वेणीला मधला पेडच गं नाही*

हॉल बंद पडला असं तुम्हाला वाटत असेल, तर नाही. थोडे दिवस गर्दी ओसरली. मग मध्यस्थाने सांगितलं, की ताईच्या बहिणीची शंका तिला भोवली, आणि खुर्च्या पुन्हा भरल्या. फर्निचरच्या दुकानाखालून जाताना मला अजून ऐकू येतं. "प्रार्थनेने काय दिलं?" आणि वरून शंभर गळे ओरडतात, "केस!"

राहिलेल्या गोळ्या परत द्यायला मी वॉर्डात गेले होते. कोपऱ्यातल्या खाटेवर ती मुलगी होती. बेसिनवर वाकून उलट्या करत होती आणि तिची आई तिची पाठ चोळत होती. आईने मला ओळखलं, पण हसली नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच. मुलगी जगेल की नाही, डॉक्टरबाईही सांगू शकत नव्हत्या. त्या मुलीच्या डोक्यावर एक केस नव्हता. तुळतुळीत, घामेजलेलं, दिव्याखाली चमकणारं ते डोकं मी बघत राहिले. ताईच्या केसांवरून शंभर हात फिरले होते. या डोक्याकडे बघायलाही कुणाला नको वाटलं असतं.

म्हणून सांगते. आपल्या माणसासाठी हात जोडावेसे वाटले तर जोडा. मीही जोडले, डॉक्टरबाईंच्या दारात. पण मग तेच हात सोडवून त्याला औषधाला घेऊन जा. कुणी म्हणालं, बरं वाटतंय म्हणजे बरं झालं, तर विचारा: कशाने बरं वाटतंय? काय थांबवलं, म्हणून काय परत आलं? कुणी बरे झालेले दाखवले, तर न दिसणारे कुठे गेले ते विचारा. आणि घरातल्या आजारी माणसाला रोज विचारा, दुखतंय का? असं विचारा, की खरं सांगितलं तर आपलीच श्रद्धा कमी पडली असं त्याला वाटणार नाही.

आमच्या घरात हे विचारायला आम्ही उशीर केला. तुम्ही आज विचारा.